पाच दाबा, आठ दाबा

ऑफिसात त्याला सगळे पट्टी म्हणत. दोन बटणांमधलं अंतर तो केसाच्या जाडीपर्यंत मोजायचा म्हणून. यंत्रांच्या पडद्यावर काय, कुठे आणि केवढं दिसावं, हे ठरवण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. त्या दिवशी सकाळी मात्र पट्टीला चहाच्या कपाचा कान सापडत नव्हता.

अकरा वाजता बैठक होती. दोनपैकी एकच सॉफ्टवेअर ठेवायचं होतं आणि कुठलं, ते पट्टीनं सांगायचं होतं. जुन्यात पडद्यांची देखणी चित्रं काढायची आणि बाणांनी एकमेकांना जोडायची. नव्यात चित्रं जेमतेम, पण टाकलेला आकडा खरोखर आत जायचा. जुनं त्याला झोपेतही चालवता आलं असतं. नवं त्यानं एकदा उघडून पाहिलं होतं आणि घाईघाईनं मिटलं होतं.

"जुनंच सांगा," बायको म्हणाली. "तीन वर्षं झाली, कपड्यांचं मशीन तुम्ही एकाच बटणावर चालवताय. चादर असो की रुमाल."

एरवी तो हसला असता. पण त्याची काळजी सॉफ्टवेअरची नव्हतीच. ती परवाची होती.

परवा औषधाच्या पंपाची चाचणी झाली. रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारं हे यंत्र, आणि सोमवारी त्याचा पडदा कारखान्यात जायचा होता. एक अनुभवी सिस्टर हातमोजे घालून बसल्या. त्यांना पाच आकडा टाकायचा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दहा आकड्यांना दहा बाण जोडत कोण बसणार? म्हणून पट्टीनं नेहमीसारखा एकच जोडला होता. आकड्यांवर कुठेही बोट लावा, पुढचं चित्र यायचं आणि त्यात आधीच पाच लिहिलेला असायचा. सिस्टरांचं बोट घसरून खालच्या आठवर पडलं. पडद्यावर पाच आला. त्यांची चूक इतक्या अदबीनं झाकली गेली, की त्यांनाही कळली नाही. टाळ्या पडल्या. बोट फक्त पट्टीनं पाहिलं होतं. तरी त्यानं अहवालावर 'उत्तीर्ण' लिहून सही केली. का केली, हे तो दोन दिवस स्वतःला विचारत होता आणि उत्तर देताना प्रत्येक वेळी विषय बदलत होता.

बैठकीत नव्या सॉफ्टवेअरची बाजू 'झटपट'नं मांडली. ही त्याची सहकारी, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान; हे नावही ऑफिसानंच ठेवलेलं. तिचं बोलणं ऐकून संपेपर्यंत तिचं काम झालेलं असे. तिनं तेवीस मुद्द्यांचा तक्ता आणला होता. साहेबांनी चौथ्या मुद्द्यावर जांभई दिली आणि तक्ता बाजूला सारला. "पट्टीसाहेब, तुम्ही बोला. जुनं की नवं?"

 'जुनं' हा शब्द पट्टीच्या जिभेवर तयार होता. तो म्हटला की बैठक संपणार होती, सोमवारी पडदा जाणार होता, आणि परवाचं बोट कायमचं एकट्याच्या डोक्यात राहणार होतं. त्यानं खिशातून हातमोजा काढून साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो कौतुकानं चढवला. पट्टीनं जुन्या सॉफ्टवेअरमधला पंपाचा पडदा उघडला आणि त्यांना मुद्दाम आठ दाबायला सांगितलं. त्यांनी दाबला. पडद्यावर पाच आला.

"वा," साहेब खूश झाले. "चुकीचं दाबलं तरी बरोबर येतं. हे जाहिरातीत घाला."

 पट्टीनं टेबलाची कड धरली.

"साहेब, हे नुसतं चित्र आहे. खऱ्या पंपात आठच जाईल. परवा सिस्टरांनीही आठ दाबला होता. मी पाहिलं, आणि सही केली."

झटपटनं आपला लॅपटॉप सरकवला. तिनं हाच पडदा नव्यात बांधला होता. ओबडधोबड, रंगाचा पत्ता नाही. साहेबांनी आठ दाबला. आठ आला आणि खाली लाल अक्षरं आली : मात्रा जास्त आहे.

साहेबांनी हातमोजा सावकाश उतरवला. एकेक बोट. "असा एकच बाण तुम्ही किती वर्षं जोडताय?"

"पहिल्यापासून."

मग सगळं थोडक्यात झालं. नवं सॉफ्टवेअर ठरलं. सोमवार रद्द झाला. नोकरीचं काय, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस पट्टीला झालं नाही. अकरा वर्षांत चौदा यंत्रं बाहेर पडली होती. सगळ्यांचे पडदे पुन्हा बांधून तपासायचे होते, ते त्यानंच.

दुपारी तो झटपटच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. कोरा पडदा पाहून त्यानं माउस घट्ट पकडला. "काका, माउस इतका आवळू नका, पळून जाणार नाही तो," ती म्हणाली आणि पहिला आकडा कसा जोडायचा ते दाखवलं. दहा आकड्यांना दहा जोडण्या. संध्याकाळ झाली.

पहिल्या यंत्राचा पडदा नव्यात बांधून झाला; ते यंत्र नऊ वर्षं इस्पितळांत चालू होतं. पट्टीनं हातमोजा घातला आणि नेम धरून पाच दाबला.

पडद्यावर आठ आला.

त्यानं पुन्हा दाबला. पाच. पुन्हा. आठ. झटपटनं वाकून पाहिलं : हातमोज्यानं जाड झालेलं बोट पाचवर आणि खालच्या आठवर एकदमच टेकत होतं. पट्टीनं यादीत पहिल्या यंत्रापुढे 'नापास' लिहिलं, सही केली आणि फोन उचलून साहेबांचा नंबर लावला. दुसऱ्या हातातला हातमोजा घामानं भिजून बोटांना चिकटला होता. यादीत अजून तेरा ओळी होत्या.