लेझरच्या खोलीतला ढब्बू

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ढब्बू माझा होता. म्हणजे मालक टेलरकाकाच, पण दवाखान्यात शिरला की डॉक्टरांनाही न जुमानता तो थेट माझ्याकडे यायचा. काळाकुळकुळीत, म्हातारा कुत्रा, मागच्या खुब्यात संधिवात. अठरा वर्षं कुत्र्या-मांजरांची अंगं चोळून चोळून मी इथं सगळ्यांची मावशी झाले. ढब्बू तर माझ्या हाताखाली चक्क घोरायचा.

मग ती नवी पोरगी आली, सोबत सांधेदुखीवर उपचार करायचं लेझरचं मशीन घेऊन. सगळ्यांना, अगदी कुत्र्यालासुद्धा, गडद चष्मे घालायला लावते म्हणून मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. दहा मिनिटं नुसती त्या मशीनची दांडी खुब्यावरून फिरवायची. ना दाब, ना घाम. याला काय काम म्हणायचं? पण सहाव्या खेपेनंतर ढब्बू दोन पायऱ्या आपणहून चढला आणि टेलरकाकांना तिचं किती कौतुक करू न किती नको असं झालं. माझा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे ढब्बू आता माझ्यासमोरून शेपूट हलवत सरळ तिच्या खोलीत जायचा. खोटं कशाला बोलू, मी जळत होते.

मंगळवारी काका बाहेर स्कूटर लावत होते, तेवढ्यात मी ढब्बूला कोपऱ्यात घेतलं आणि खुब्याला माझं नेहमीचं मलम चांगलं चोळलं. लेझरआधी अंगाला काही लावायचं नाही, कातडी भाजते, असा कागद तिनं दारावर चिकटवलाय. मला वाटलं, हे तिचे नखरे. आज तो छान चालला तर ते माझ्या हातामुळे, हे मला तरी ठाऊक असेल.

काळ्या केसांत मुरलेलं मलम तिला दिसलं नाही. दोन मिनिटांत आतून ढब्बूची किंकाळी आली. दार ढकलून तो लंगडत बाहेर आला आणि माझ्या कुशीत घुसला. मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, मग खुब्यावरची लाल, पोळलेली जागा दिसली.

चष्मेवाली रडवेली झाली होती. "माझंच चुकलं, डॉक्टर. काळे केस लवकर तापतात, मला माहीत होतं. हात एका जागी थांबला असेल."

"आजपासून मशीन बंद," डॉक्टर म्हणाले.

"मावशी, यापुढे तुम्हीच बघा याच्याकडे," टेलरकाका म्हणाले. "त्या खोलीत मी याला पाठवणार नाही."

तीन महिने हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. ढब्बू थरथरत होता. ती पोरगी स्वतःचाच हात उलटसुलट करून बघत होती. मी माझा तळवा डॉक्टरांच्या नाकासमोर धरला.

"वास घ्या. मलम मी लावलं होतं. तिचं काही चुकलेलं नाही."

टेलरकाकांनी माझ्याकडे न बघता पट्टा धरला आणि ओढला. ढब्बू हटेना.

"जा रे," मी म्हटलं, तर तो माझा तोच हात चाटायला लागला.