भट्टीतली उल्का

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर उल्काबाबा दोऱ्याला टांगलेला काळा दगड धरून बसला होता. जाड अंगठी घातलेला दुसरा हात त्याने रोग्याच्या खांद्यावर ठेवला, की दगड आपोआप तिकडे झुकायचा.

“मंगळ आणि गुरूच्या मधला लघुग्रह आहे हा. तो झुकला, की औषधाचं काम संपलं,” बाबा म्हणाला.

माझ्या ताईपुढेही तो झुकला होता. तिने इन्सुलिन सोडलं आणि नवव्या दिवशी ती गेली. तिची श्रद्धा कमी पडली, असं हा सांगत सुटला. आज भाऊजी माझ्या भाचीला घेऊन रांगेत होते. तिलाही तोच आजार. मला बाबाला नुसतं खोटं पाडायचं नव्हतं, भरल्या सभेत त्याची अब्रू काढायची होती.

मी हात जोडले. “बाबा, मी प्रयोगशाळेत दगड तपासते. आपल्या लघुग्रहाला प्रमाणपत्र द्यावं म्हणते.”

“तपास की. विज्ञान शेवटी इथेच येतं.” गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

मी सोबत आणलेलं यंत्र लावलं आणि लोकांना समजावलं, “दगडावर प्रकाश टाकायचा आणि परतलेला मोजायचा. प्रत्येक खनिज ठरावीक प्रकाश गिळतं, तिथे आलेखाच्या रेषेत खळगा पडतो. लघुग्रह कशाचा बनलाय, ते आम्ही अशाच रेषा जुळवून ओळखतो.”

आधी खरी उल्का, म्हणजे लघुग्रहाचा पृथ्वीवर पडलेला तुकडा, ठेवला. पडद्यावरच्या रेषेत दोन खोल खळगे पडले. मग बाबाचा दगड ठेवला. रेषेत खळगा नाही. तिच्यावर मी तिसरी रेषा आणली, दोन्ही तंतोतंत जुळल्या.

“ही तिसरी भट्टीतल्या मळीची, लोखंड वितळवल्यावर उरणाऱ्या दगडासारख्या कचऱ्याची. उल्का म्हणून लोक बहुतेक वेळा हाच माल आणतात, त्यामुळे तिची रेषा आमच्याकडे तयारच असते.”

“यंत्राला श्रद्धा नसते, पोरी.”

“टाचणीलाही नसते.” मी टाचणी त्याच्या अंगठीजवळ नेली. ती टपकन चिकटली. अंगठीत चुंबक होता आणि मळीत लोखंडाचे कण.

भाऊजी ओतशाळेत, लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला आहेत. त्यांनी पुढे येऊन दगड हातात घेतला, नखाने खरवडला.

“ही आमचीच मळी. वीस वर्षं रोज फावड्याने फेकतोय. आणि हिच्यासमोर बायकोला बसवलं मी.”

बाबा मागच्या दाराकडे सरकला. त्याला बाहेरून कडी मी आधीच घातली होती. मी बोलावलेले पोलीस येईपर्यंत तो लोकांच्या मधोमध अंगठी लपवत उभा होता आणि मला फार बरं वाटलं.

भाऊजींनी तिथेच मुलीला मी आणलेलं इन्सुलिन टोचलं. मी लोकांकडे वळले.

“दगड तपासून घ्या. आणि उद्या कोणी खराखुरा लघुग्रह आणून ठेवला, तरी औषध सोडू नका. त्यात फक्त खनिजं असतात.”