हर्षाली पास झाली

आमचे हे गंगापूर रोडला शिकवणी घेतात. दहावीच्या पोरांकडून अपेक्षित प्रश्नांची उत्तरं घोकून घ्यायची, एवढीच यांची विद्या. ती यांनी पोटच्या लेकीवरही चालवली.

२००१ साली हर्षाली साडेतीन वर्षांची होती. हाक मारली तरी वळायची नाही. काही हवं असलं तर बोट दाखवायची नाही, माझं मनगट धरून तिथवर ओढत न्यायची. सासूबाई बाजारासाठी झेंडू निवडायला बसल्या की ही शेजारी बसून लहानमोठी फुलं ओळीत लावायची, आणि ओळ मोडली की तासभर किंचाळायची. "लय हुशार हाय माझी नात," सासूबाई म्हणायच्या. हुशार म्हणे!

बालवाडीच्या बाईंनी सुचवलं, मुंबईच्या एक मॅडम महिन्यातून एकदा नाशकात येतात, मुलाला ऑटिझम आहे का ते तपासतात. यांनी नंबर लावला. मग तिथे जाऊन आलेल्या एका बापाला गाठून, मॅडम मुलांना काय काय करायला लावतात ते वहीत उतरवून आणलं. पेपर फुटल्यासारखे खुशीत होते. महिनाभर सराव चालला. हाकेला वळली की बिस्किट. बाहुलीच्या तोंडाला चमचा लावला की बिस्किट. कसला हा बाप! सर्कशीतला माणूस बरा.

तपासणीत पोरीने सगळं करून दाखवलं. मॅडमचं मात्र समाधान झालेलं दिसेना. त्यांनी मला विचारलं, "आई, घरी कुणी सहज हाक मारली तरी वळते?"

यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हणाले, "हो."

सध्या लक्षणं स्पष्ट नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं मॅडमनी लिहून दिलं. "पास झाली बरं का आमची हर्षाली," म्हणत सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पुन्हा दाखवायचा विषय काढला तर हे हसायचे. पास झालेल्याने परत परीक्षा कशाला द्यायची?

पुढे दोन शाळांनी तिला घरी पाठवलं, तेव्हा कुठे आम्ही परत त्याच मॅडमसमोर बसलो. त्यांनी जुनी फाइल चाळली. "दोन वर्षं गेली. या वयातली दोन वर्षं फार मोलाची असतात."

"पण मॅडम, तेव्हा तर तुम्हीच म्हणाला होतात," यांनी सुरू केलं. लाज म्हणून नाही या माणसाला.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "मला तेव्हाच शंका होती. पण आईने हो म्हटलं, म्हणून मी थांबले."

दोन वर्षं मी यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्यात बरं वाटतं, आपण साव ठरतो. आता मला माझीच किळस आली.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "हाकेला वळते?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "नाही. तेव्हाही वळत नव्हती. मी खोटं बोलले."