राक्षसाच्या कोठीत अडकलेला थॉर्किल्ड

डेन्मार्कच्या लोलांड बेटावर, आमच्या थॉर्किल्डच्या बिटाच्या शेतात एक टेकाड आहे आणि त्याच्या पोटात राक्षसाची कोठी. नावच तसं, खरं तर ते थडगं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपल्या माणसांच्या अस्थी ठेवायला भल्याथोरल्या शिळा रचून बांधलेलं. छताची शिळा कलली तेव्हा थॉर्किल्डने म्युझियमवाल्यांचं इतकं डोकं खाल्लं, की शेवटी त्यांनी सिग्ने नावाच्या तज्ज्ञ बाईला धाडलं. तिने शिळा क्रेनने उचलून सरळ बसवली आणि फटींत जुन्या लोकांसारखीच भूर्जाची साल भरली. मग कोठी उघडायचा दिवस ठरला.

आत अरुंद दगडी बोळातून रांगतच जावं लागतं. सर्वांत पुढे आस्टा गेली, फेरीबोटीवर दोरखंड ओढण्यात जन्म घालवलेली विधवा. थॉर्किल्डला ती आवडते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला तेवढं त्याने सांगितलं नव्हतं. तिच्यामागून कंदील घेऊन मी गेले. माझ्यामागून थॉर्किल्ड. डोकं आलं, खांदे आले, पोट राहिलं.

"ये ना आत," आस्टा म्हणाली.

"येतोच आहे," तो म्हणाला आणि तिथेच राहिला.

बाहेर त्याच्या पायांशी सिग्ने होती, तो हलू नये म्हणून त्याची पँट घट्ट धरून. "कुणी ओढू नका त्यांना," तिने सगळ्यांना दरडावलं. "एक जरी दगड हलला ना, तर मी यांना इथेच पुरेन."

"जागा त्यासाठीच आहे," थॉर्किल्ड पुटपुटला.

आस्टाला हसू फुटलं. कोठीत आवाज घुमतो. एकटी आस्टा हसली तरी अख्खी पंगत हसल्यासारखं वाटलं. मलाही हसू आवरेना. माझ्या हातातला कंदील हिंदकळायला लागला आणि आमच्या सावल्या शिळांवर नाचायला लागल्या.

"आस्टा," थॉर्किल्ड धापा टाकत म्हणाला, "आज मला पळून जाता येत नाहीये, तर विचारूनच टाकतो. माझ्याशी लग्न करशील?"

"अडकलायस म्हणून विचारतोयस होय?"

"अडकलोय कधीचाच. दिसतंय आज."

एवढं बोलून त्याने श्वास रोखून धरला. आस्टाने त्याचे दोन्ही हात पकडले. "करेन. आता तो श्वास सोड बघू."

त्याने तो सगळाच्या सगळा सोडला आणि ओल्या माशासारखा सुळकन आमच्या पुढ्यात आला. पँट मात्र आली नाही.

"हे काय उरलंय माझ्या हातात?" बाहेरून सिग्नेने विचारलं.

मग ती स्वतः रांगत आत आली. थॉर्किल्डकडे न बघता तिने विजेरी लावून एकेक शिळा, एकेक फट चाचपली. दगड जिथल्या तिथे होते, साल इंचभरही सरकली नव्हती. तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, पँट पुढे केली आणि जमिनीवर बसकण मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

लग्न कोठीतच करायचं आस्टाच्या मनात होतं. सिग्नेने साफ नकार दिला. म्हणून जूनमध्ये टेकाडाच्या पायथ्याशी गवतावर टेबलं मांडली, हेरिंग मासे आणि स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, आणि सिग्ने इतकी नाचली की तिचा एक बूट बिटाच्या शेतात हरवला.