ज्याचा हात, त्याचे राज्य

रविवारच्या जेवणात बाल्ट्सचे देशप्रेम बटाट्याच्या रोश्टीपेक्षाही अधिक खरपूस होई. "युरोपीय संघाच्या ब्रुसेल्सवाल्यांनी आम्हाला कायदे शिकवायचे? स्वित्झर्लंडनं कुणापुढे मान तुकवलेली नाही!" असे गरजून त्याने टेबलावर मूठ आपटली.

"हळू, सूप सांडेल," रेगुला आत्या म्हणाली. गावच्या शाळेत चाळीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली ही वृद्धा बोलताना कोणाची भीड बाळगीत नसे. "आज ग्रामसभेत झऱ्याचा ठराव आहे. साठ वर्षं आपलं पाणी बाटल्या भरणाऱ्या परक्या कंपनीच्या हवाली! तुझा हात कुणीकडे?"

बाल्ट्सची मूठ सैल झाली. "आत्या, येनीमालकांना ठराव हवाय. कंपनीच्या खोक्यांचं लाकूड आमच्याच कारखान्यात कापलं जाणार. सभेत आम्ही त्यांच्यामागेच उभे असतो. भर चौकात हात वर करून मत द्यायचं; तो हात लपतो थोडाच?"

"म्हणजे ब्रुसेल्सपुढे सिंह आणि येनीपुढे शेळी!"

"मला दोन पोरं आहेत!"

"मग त्यांना पाणी लागत नाही वाटतं? अरे, सरहद्दीवर कितीही पहारे बसवलेस, आणि आत प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या दोरीनं हलला, तर सार्वभौम कोण? दोरीवाला!"

बाल्ट्सने चमचा खाली ठेवला.

दुपारी चौकात येनी पुढे आणि त्याचे अकरा कामगार मागे, अशी नेहमीची रांग लागली. "ठराव मान्य असणारे?" अध्यक्षांनी विचारले. येनीचा हात वर गेला, पाठोपाठ अकरा. त्यांत सवयीने बाल्ट्सचाही होता! मग विरोधकांचे हात उठले. अध्यक्षांनी नजरेनेच दोहोंचा अंदाज घेतला आणि नकारार्थी मान हलवली. "निकाल स्पष्ट नाही. पुन्हा हात!"

बाल्ट्सने आपल्या तळहाताकडे पाहिले. तो रांगेतून निघाला आणि सर्वांदेखत चौक ओलांडू लागला.

"बाल्ट्स! इकडे ये!"

"इथून झरा नीट दिसतो, मालक!"

"ठराव अमान्य असणारे?"

त्याचा हात ताठ वर गेला. त्याने सोडलेल्या येनीच्या रांगेत एक हात उठला, मग चार. अध्यक्षांना यावेळी मान हलवावी लागली नाही. ठराव पडला!

येनी जवळ येऊन पुटपुटला, "उद्या कामावर येऊ नकोस."

"येईन. मी नको असेन, तर हेच वाक्य इथं मोठ्यानं म्हणा."

सभा अजून पांगली नव्हती. येनीने सभोवार पाहिले आणि ओठ मिटले.

नागरिकहो, राष्ट्राचे सार्वभौमत्व सनदेत लिहिलेले असते. पण ते जगते आपल्या खांद्यापासून बोटांपर्यंत. ज्याने स्वतःचा हात मालकाच्या स्वाधीन केला, त्याने देश परक्याला देण्याची अर्धी वाट केव्हाच चालून टाकलेली असते!