‘पुरे’ कोण म्हणणार?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खीळ आहे. नाव ऐकताच तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. ‘कामाला खीळ बसली’ असे मोठी माणसे वैतागून म्हणतात, ते मला फार लागते. एरवी मी त्यावर दोन दिवस रुसून बसले असते. पण आत्ता रुसायलाही सवड नाही, कारण मी घाबरलेली आहे. माझ्या पाठीमागे तळे वाढते आहे आणि माझ्या अंगावर दोन कुलुपे लटकत आहेत. म्हणून माझी गोष्ट मी तुम्हाला भराभर सांगते.

तळ्याच्या तोंडाशी एक जाड लाकडी दार आहे. दाराच्या वर दगडी खोली, खोलीत मोठे दातेरी चाक, चाकाला साखळी आणि साखळीला ते दार. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा. दोन माणसांनी दोन दांडे फिरवले की दार वर उचलले जाते आणि पाणी खालच्या ओढ्यात सुटते. माझी जागा मधे. मला उचलून धरले की चाक फिरते आणि मला दातांत टाकले की ते जागच्या जागी थांबते. मी दातांत नसताना कुणी दांडा सोडला, तर दार धाडकन खाली कोसळेल.

लोहाराने मला भट्टीतून काढून बादलीत बुडवले, तेव्हा मी जी किंचाळले ती पाण्याची भीती माझ्या मनातून आजवर गेलेली नाही. आणि नशीब बघा, नेमणूक झाली ती तळ्यावर!

तळ्याच्या काठाने बागवाले राहतात. त्यांना तळे भरलेले हवे, म्हणजे पाटांना पाणी चढते. दाराच्या खाली, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी चक्कीवाल्यांची गल्ली आहे. त्यांना वाहते पाणी हवे, म्हणजे पिठाच्या चक्क्या फिरतात. या दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. उजवा दांडा बागवाल्यांचा, डावा चक्कीवाल्यांचा. आणि मी? मी होडीवाल्यांची. ते संख्येने मूठभर, त्यांना ना बाग ना चक्की. पाणी उतरले की त्यांच्या होड्या गाळात रुतायच्या आणि फार चढले की धक्क्यावर आपटायच्या. त्यांना फक्त मधले पाणी हवे असे.

म्हणून या खोलीत एक रीत होती. दांडा ज्याच्या हाती, त्याने ‘पुरे’ म्हणायचे नाही. तो शब्द होडीवाल्याचा. मधल्या स्टुलावर बसून तो मला उचलून धरी, एका खिडकीतून तळे बघे, दुसरीतून गल्ली बघे आणि योग्य वेळी ‘पुरे’ म्हणून मला दातांत टाकी.

माझ्या उमेदीच्या काळात स्टुलावर पुरेतात्या बसत. खरे नाव त्यांनाही आठवत नसावे. त्यांनी ‘पुरे’ म्हटले की बागवाल्यांचे अण्णा कुरकुरत, “तात्या, जरा जास्तच सोडलंत हो पाणी!” आणि चक्कीवाल्यांचे दादा त्याच दमात म्हणत, “एवढंसं? यात आमची चक्की काय, भिंगरीसुद्धा फिरायची नाही!”

तात्या हसत. “दोघंही रडताय ना? मग बरोबर सुटलंय.”

ते मला रोज तेल लावत. शाळेतली मुले चाक बघायला आली, की म्हणत, “चाकाचं काय कौतुक करता? ही बघा आमची खीळ. हिच्या जिवावर सगळे झोपतात.” खरे सांगते, तेव्हा माझा ऊर भरून येई.

मग तळ्यावर पूल झाला. होडीत बसायला कुणी येईना. उपड्या घातलेल्या होड्यांखाली कोंबड्या राहू लागल्या. लोक म्हणू लागले, “या होडीवाल्यांचं आता काम काय? बसून खीळ धरायची, एवढंच ना?” एकेक घर उठून दुसऱ्या पाण्याच्या शोधात गेले. शेवटी पुरेतात्यांनीही बोचके बांधले. जाताना ते अण्णा आणि दादा, दोघांना म्हणाले, “माझ्या पोरीला बसवा स्टुलावर. तिला मी शिकवलंय.”

त्यांची पोर, जिला सगळे ताई म्हणत, ती दादांच्याच मुलाला दिलेली.

अण्णा म्हणाले, “छे! ती तर चक्कीवाल्यांची सून.”

दादा म्हणाले, “नको. रक्त होडीवाल्याचं आहे. सासऱ्यालासुद्धा नाही म्हणायला कमी करणार नाही.”

कधी नव्हे ते दोघांचे एकमत झाले, आणि ते नेमके यावर. तात्यांनी मला शेवटचे तेल लावले. त्यांचा अंगठा माझ्यावर बराच वेळ टेकून होता. स्टूल तेव्हापासून रिकामे आहे.

त्यांच्यानंतर पहिल्यांदा दार उघडले, तो दिवस मी विसरणार नाही. मला एका दोरीने वर अडकवून ठेवले आणि दोघे दांडे फिरवू लागले. पाणी सुटले. नेहमीची जागा आली, गेली. अण्णांना दिसत होते की तळे रिकामे होते आहे. दादांना दिसत होते की ओढा चक्क्यांत घुसतो आहे. पण आपण ‘पुरे’ म्हटले तर रीत मोडली आपण, आणि शिवाय माघार घेतली आपण! म्हणून दोघे घामाघूम होऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत दांडे फिरवत राहिले. चाकाचे दात संपले तेव्हाच ते थांबले. वरचे पाट कोरडे पडले आणि खाली पिठाच्या गोण्यांचा लगदा झाला. मी दोरीला लटकून हे सगळे बघत होते. माझी दातखीळ बसली म्हटले तर तुम्ही हसाल, पण तसेच झाले होते.

यातून दोघे काय शिकले? कपाळ! त्यांनी दार बंद केले, मला दातांत टाकले आणि माझ्यावर दोन कुलुपे ठोकली. एकाची किल्ली अण्णांकडे, दुसऱ्याची दादांकडे. दोघांची संमती असेल तरच दार उघडायचे. कागदावर किती छान वाटते, नाही?

मग वरच्या डोंगरात पाऊस लागला.

तळे पाटांपर्यंत चढले, मग बागांत शिरले. आता दोघांची तोंडे उलटी फिरली. अण्णांना दार उघडायला हवे होते आणि दादांना नको होते, कारण पहिला लोंढा त्यांच्या गल्लीत जाणार. समोरचा काही बनवाबनवी करील म्हणून दोघेही सकाळपासून माझ्या खोलीत ठाण मांडून बसले. किल्ल्या मुठीत, तोंडे भिंतीकडे.

तेवढ्यात दार बोलू लागले. लाकूड आधी कण्हते, मग कडकडते. फळ्यांच्या फटींतून बारीक चिळकांड्या उडत होत्या. साखळी ताठ झाली होती आणि तिचा सगळा ताण चाकातून माझ्या टोकावर येत होता. मित्रांनो, तळे माझ्यावर रेलले होते. मी ओरडू शकत नव्हते. माझ्यासमोर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना ते ऐकू येत होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. पण कुणी उठत नव्हते. तेवढी भीती मी लोहाराच्या बादलीतही अनुभवली नव्हती.

दुपारी जिन्यावर पावले वाजली आणि ताई आत आली, नखशिखान्त भिजलेली.

“अजून कुलपं तशीच?” ती म्हणाली. “दार फुगलंय. खालून दिसतंय मला. फुटलं तर गल्ली पण नाही आणि बाग पण नाही!”

“आधी त्यांनी किल्ली लावावी,” दादा म्हणाले.

“आधी त्यांनी,” अण्णा म्हणाले.

तेवढ्यात दाराचा एक खिळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटून भिंतीवर आदळला. त्यानंतर कुणी आधी आणि कुणी नंतर हे कुणी पाहिले नाही. दोन्ही कुलुपे खाली पडली.

“मामंजी, डावा दांडा. अण्णा, उजवा,” ताई म्हणाली. ती स्टुलावर बसली आणि तिने मला उचलून धरले. “गल्लीतली माणसं पुलावर गेलीत. फक्त सासूबाई राहिल्यात. पाय मुरगळलाय त्यांचा. छकुली त्यांना सोडून येईना, दोघी माळ्यावर बसल्यात.”

दादांचा चेहरा पांढरा पडला. छकुली म्हणजे त्यांची नात, ताईची लेक. “मग आधी त्यांना काढू!”

“तेवढा वेळ दार थांबणार नाही, मामंजी. फिरवा.”

चाक फिरले. पाणी गर्जत सुटले. ताईने आधी तळ्याकडे पाहिले. काठावर एक पांढरा दगड आहे. तो दिसू लागला की दारावरचा भार सोसण्याइतका झाला, असे तात्या सांगत. दगड दिसत नव्हता. मग तिने गल्लीकडे पाहिले. तिथे तिचे घर होते, अगदी ओढ्याला लागून.

“ओट्याला लागलं पाणी!” दादा ओरडले. “सूनबाई, पुरे म्हण!”

तिने पुन्हा तळ्याकडे मान वळवली.

“उंबरा गेला! अगं, छकुली आहे आत!”

दादांना दांडा सोडता येत नव्हता. सोडला असता तर दार कोसळून सगळेच फुटले असते. ते रडत रडत फिरवत होते. आणि आश्चर्य म्हणजे पलीकडून अण्णाही फुटलेल्या आवाजात म्हणाले, “पोरी, बास कर. माझ्या बागेचं होईल ते होईल.”

मलाही वाटत होते, टाक गं मला, टाक दातांत! मी तिच्या मुठीत होते. तिची नखे तळव्यात रुतल्याचे मला कळत होते. एकदा हात खाली आला, माझे टोक दाताला निसटते लागले, आणि तिने मला पुन्हा वर उचलले. तिच्या घराची ओढ्याकडची भिंत पडली. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

मग पांढऱ्या दगडाची कड पाण्यावर आली.

“पुरे,” ताई म्हणाली. मला दातांत टाकून ती जी धावत सुटली, ती जिन्यावर दोनदा पडल्याचा आवाज मी ऐकला.

मी कुठे जाणार? मी दार धरून बसले. छकुलीचे काय झाले हे कळेपर्यंतचा वेळ माझ्या उभ्या आयुष्यापेक्षा लांब होता. शेवटी कुणीतरी खालून ओरडले की माळ्याचे आढे टिकले; कौले काढून आजी आणि नात दोघींना वर ओढून घेतले. जिवंत आहेत. दादा जमिनीवर बसले. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण पाणी ओसरल्यावर बागवाले वाजतगाजत आले आणि ताईला म्हणाले, “तू तर आमचीच निघालीस!” हे शब्द गल्लीत पोहोचायला कितीसा वेळ? गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, “स्वतःच्या घरात पाणी सोडणारी ही कसली सून?” दादा तसे न्यायाचे माणूस. ते एकदा या खोलीत एकटेच येऊन बसले आणि कुणाशी तरी बोलावे तसे म्हणाले, “बरोबर केलं तिनं. कळतंय मला. पण तिच्याकडे बघितलं की मला ती पडणारी भिंत दिसते.”

ताईला स्टुलावर बसा म्हणायला दोन्हीकडचे आले होते. पण प्रत्येकाची अट एकच, आधी आमची हो. ती म्हणाली, “मग स्टूल कशाला हवंय? दोन दांडे आहेतच की.” नवरा आणि छकुलीला घेऊन ती तात्यांकडे निघून गेली. जाताना वर आली नाही. मला त्याचे वाईट वाटले, पण तिचा राग आला नाही.

कुलुपे पुन्हा माझ्यावर आली. ती अधिक जाड आहेत. मला तेल लावायला कुणी येत नाही, कारण एका बाजूने तेल आणले तर दुसरी बाजू संशय घेते. माझे टोक झिजले आहे. त्या दिवशी पडलेली चीर मी लपवून ठेवली आहे, कारण दाखवायची कुणाला? काल संध्याकाळपासून वरच्या डोंगरावर ढग उतरले आहेत. पांढरा दगड मघाशी दिसत होता. आता दिसत नाही.

मित्रांनो, लोखंडाची काळजी घ्या, वस्तू जपा, असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मी ते सांगत नाही. तुमच्या घरात, खेळात, वर्गात दोघे भांडत असतील आणि एखादा तिसरा मधे बसून दोघांनाही नको ते बोलत असेल, तर त्याला जपा. त्याला हसून हाकलू नका आणि ओढून आपल्यात घेऊही नका.

आणि तुमच्यापैकी कुणी या तळ्यावरून जात असेल, तर जिना चढून वर या. स्टूल रिकामे आहे. मला धरायला फार ताकद लागत नाही. फक्त लवकर या, आणि वाटेत कुणी विचारले, “काय रे, तू कुणाचा?” तर काही सांगू नका.