मला नंबरच नव्हता

मित्रांनो, मी चष्मा आहे. वयाने जुना, काचेने किंचित निळसर. माझ्यातून पाहिलं तर मी नसताना जसं दिसतं, तस्संच दिसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा सांगितलं नाही आणि एका मुलीचं वर्ष गेलं.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. कळू लागलं तेव्हा मी कल्याणच्या एका दुकानात होतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, "हा कॉम्प्युटरचे किरण अडवतो." मला ही बातमी नवीनच होती. पण इतक्या खात्रीने कोणी आपलं कौतुक करत असलं की आपण मध्ये बोलत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे मुरबाडचे संदेश सर. खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. कॉम्प्युटर दोन, चष्मा मी एकटा. सरांनी नियम केला: चपला बाहेर, चष्मा डोळ्यांवर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्याने आपली पाळी येईपर्यंत डोळे बारीक ठेवायचे.

माझी कीर्ती पसरली. सरांच्या आई गुणाबाई मला लावून कांदे चिरायच्या. "कांद्याचे पण किरण अडवतो गो," असं त्या शेजारणीला सांगायच्या, डोळे पुसत पुसत.

२००३ च्या पावसाळ्यात रत्ना क्लासला आली. गावाबाहेरच्या वाडीवरची. दिवाळी झाली की तिची आई यमू बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायची, आणि रत्नाही. त्या वर्षी शहापूरच्या एका कार्यालयाला टायपिंगसाठी मुलगी हवी होती. परीक्षा दिवाळीच्या आधी. पास झाली तर रत्ना खुर्चीवर, नाहीतर भट्टीवर. इतकं सरळ होतं.

रत्नाची बोटं भराभर चालायची. पण वाचायचा कागद ती हात पुरेल तितका लांब धरायची.

"सर, अक्षरं पुसट दिसतात."

"चष्मा लाव."

"लावलाय."

"मग दिसंल हळूहळू."

दसऱ्याला सरांनी कॉम्प्युटरची पूजा केली. मीही अवजारच, म्हणून माझ्या दोन्ही काचांवर हळदकुंकवाचं एकेक बोट लागलं. पूजेचं कुंकू पुसणार कोण? आता रत्नाने तक्रार केली की सगळे म्हणायचे, "हळद हाय ती. जाईल." माझी सोयच झाली.

त्याच आठवड्यात जवळच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आलं. यमू क्लासच्या दारात येऊन म्हणाली, "जाऊन ये गो."

"मला हाय ना चष्मा," रत्ना म्हणाली. "ज्यांना नाय त्यांनी जावं. उगा कशाला कोणाचा नंबर अडवायचा?"

मित्रांनो, ती हे बोलली तेव्हा मी तिच्याच नाकावर होतो. मला तोंड नाही, मान्य. पण मला पडता आलं असतं. नाक घामाने निसरडं होतं, माझ्या दांड्या सैल होत्या, खाली फरशी होती. मी पडलो नाही. चष्मावाली म्हणून तिचा रुबाब होता आणि त्यातला अर्धा माझा होता.

परीक्षेला सरांनी मला तिच्यासोबत पाठवलं. माणसांची नावं आणि वयं टाइप करायची होती. तिने सगळ्यांच्या आधी कागद दिला. तपासणाऱ्या बाई वाचता वाचता थांबल्या.

"नवसू एकसष्ट वर्षांचा. मुलगा रामू अठ्ठ्याऐंशी. हा पोरगा बापाच्या आधी सत्तावीस वर्षं काय करत होता गं?"

"काय म्हाईत बाई. मला दिसला तसा लिवला."

मूळ कागदावर रामूचं वय इंग्रजी आकड्यांत 33 होतं, तिला ते 88 दिसलं. बाईंनी मला तिच्या नाकावरून काढलं, कागदावर धरलं, वरखाली हलवलं. अक्षर जागचं हललं नाही.

"अगं, याला नंबरच नाही! ही खिडकीची काच आहे. डोळे कधी तपासलेस?"

"चष्मा होता ना," रत्ना म्हणाली. "मग कशाला तपासायचे?"

नोकरी दुसरीला लागली. भट्टीवर जाण्याआधी रत्ना मला परत द्यायला आली. आता कुणाचा धाक नव्हता. हळद तिने ओढणीने पुसली होती. "चष्मा चांगला हाय सर," ती म्हणाली. "माझेच डोळे वाईट." तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. ती पावसाळ्याच्या तोंडावर परतली, तेव्हा तेच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. जाड काचांचा, खऱ्या नंबरचा चष्मा आला. तो लावून तिने पहिल्यांदा सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या मिशीत पांढरे केस हायत." तिचा क्लास पुन्हा सुरू झाला. शहापूरची ती खुर्ची मात्र भरलेली होती, ती भरलेलीच राहिली.

मित्रांनो, मी किरण अडवतो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. शिबिराची वाट मात्र अडवली, हे पक्कं ठाऊक आहे. पडद्यासमोर बसण्यासाठी माझ्यासारखा कोणी घ्यायचा तर खुशाल घ्या, पण आधी डोळे दाखवा. आम्ही चष्मे स्वतःहून खरं सांगत नाही.

पुढच्या दसऱ्याला सर हळदीचं बोट घेऊन रत्नाच्या चष्म्याकडे वळले. तिने हात आडवा धरला.

"याला नको सर, मला दिसायला पायजे." मग तिने खिळ्यावरून मला काढून पुढे केलं. "याला लावा. याला काय बघायचंय?"

ते बोट अजून माझ्या काचेवर आहे. कृपा करून पुसू नका.